निर्मिती मनातली आणि हातातली : ‘कालियामर्दन’मधील चोरीच्या निमित्ताने

मराठी समीक्षेत ‘निर्मितिप्रक्रिया’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की तिचा अर्थ विचारणे आता जवळजवळ औचित्यभंगच ठरावा. या संज्ञेखाली गेल्या अर्धशतकात जे लेखन झाले, ते पाहिले तर त्याचा विषय एकच असल्याचे ध्यानात येते. तो विषय म्हणजे कलावंताचे मन. अनुभवाचे बीज पडते, ते रुजते, मुरते, त्याला अंकुर फुटतो आणि यथाकाल कलाकृती हाती येते. शेतीच्या रूपकांची एवढी रेलचेल असूनही या वर्णनात नांगर, बैल आणि मजूर मात्र कोठे आढळत नाहीत. निर्मिती होते, पण ती कोणी करीत नाही, अशी ही एक विलक्षण कर्मणी रचना आहे.

या भूमिकेला तात्त्विक बळ दिले ते अर्थातच मर्ढेकरांनी. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये त्यांनी वाङ्मयाच्या माध्यमाचा प्रश्न जितक्या काटेकोरपणे उपस्थित केला, तितक्या काटेकोरपणे तो मराठीत पूर्वी कोणी केला नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्यांचे उत्तर असे होते की वाङ्मयाचे माध्यम शब्द नव्हे, तर भावनात्मक अर्थ होय. म्हणजे ज्या क्षणी माध्यमाची विचारपूस सुरू झाली, त्याच क्षणी माध्यम मनात नेऊन ठेवण्यात आले. दगड, रंग, शाई, छापखाना, नट, पडदा या साऱ्यांना सौंदर्यशास्त्राच्या उंबरठ्याबाहेर उभे राहावे लागले. पुढे मर्ढेकरांशी ज्यांनी वाद घातला, त्यांनी लयतत्त्वावर आक्षेप घेतले, लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांचा खल केला, तरी माध्यमाचे हे मानसीकरण त्यांनीही फारसे हलवले नाही. देशीवादाने तर व्यक्तीच्या मनाऐवजी परंपरेचे मन आणले. हात पुन्हा तसेच अदृश्य राहिले.

कविता किंवा कादंबरी यांच्या बाबतीत ही गोष्ट खपून गेली, कारण लेखकाचे श्रम एकांतात होतात आणि त्यांचा साक्षीदार नसतो. चित्रपटाच्या बाबतीत ती खपण्याचे काहीच कारण नव्हते. चित्रपट अनेकांच्या हातांनी, ठरलेल्या जागी, मोजक्या पैशात, फितीच्या फुटांच्या हिशेबात तयार होतो. तरीही चित्रपटाविषयी मराठीत जे गंभीर म्हणून लिहिले गेले, त्याने साहित्यसमीक्षेचीच ही मानसिक निर्मितिप्रक्रिया उसनी घेतली. आणि जे उरले, म्हणजे कॅमेरा, कर्ज, स्वयंपाक, सामान, भागीदार, ते सारे आठवणींच्या आणि चरित्रांच्या सदरात टाकून दिले. कलाकृती कशी झाली हा समीक्षेचा विषय नसून किश्शांचा विषय आहे, असा हा न लिहिलेला नियम आहे. त्याचा सर्वांत मोठा बळी धुंडिराज गोविंद फाळके होत.

फाळक्यांविषयी मराठी वाचकाला किती माहिती आहे! वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चौकटीने टिपून त्यांनी सावकाराला पटवले, विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंनी कच्च्या फितीला भोके पाडली, तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री न मिळाल्यामुळे उपाहारगृहात काम करणारे साळुंके उभे राहिले. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटाने या गोष्टी पुन्हा घराघरांत नेल्या, आणि खेळकरपणे नेल्या. पण या साऱ्या माहितीचा उपयोग काय होतो? एक तर भक्ती वाढते, नाही तर हसू येते. ‘चित्रमहर्षी’ हे बिरुद लावले की प्रश्न संपतो. महर्षींना भांडवल, पगार आणि वेळापत्रक नसते. ज्या माहितीवरून चित्रपटाच्या रूपाविषयी काही निष्पन्न व्हावे, ती माहिती रूपापाशी पोचण्याआधीच हारतुऱ्यांत गुरफटून जाते. नाशिकमध्ये पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक उभे आहे. परंतु ज्या चित्रपटांमुळे ते उभे राहिले, त्यांतील कोणत्याही एका चित्रपटाचे दृश्यागणिक वाचन पदव्युत्तर वर्गात होत असल्याचे क्वचितच ऐकू येते.

येथे एका फ्रेंच चित्रपटाचे उदाहरण उपयोगी पडेल. मर्ढेकरांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १९५५ मध्ये, पॅरिसमध्ये ‘दु रिफिफी शे लेझोम’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. सर्वत्र तो ‘रिफिफी’ या आखूड नावानेच ओळखला जातो. दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन हा अमेरिकन. अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी चौकशीत १९५१ मध्ये त्याच्याच व्यवसायबंधूंनी त्याचे नाव घेतले, आणि ‘नाइट अँड द सिटी’ (१९५०) नंतर काही वर्षे त्याला काम मिळेनासे झाले. अखेर ऑग्युस्त ल ब्रताँ याच्या एका गुन्हेगारी कादंबरीवरचा चित्रपट त्याच्याकडे आला. पैसा तुटपुंजा, नामांकित नट परवडणारे नव्हते. कादंबरीत जवाहिऱ्याच्या दुकानावरील घरफोडीला थोडीच पाने होती. डॅसिनने तिचाच विस्तार करून जवळपास अर्ध्या तासाचे दृश्य रचले, आणि त्या अर्ध्या तासात एक शब्द नाही, संगीताचा एक स्वर नाही. चौघे जण वरच्या मजल्यावरून छत फोडतात, भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून ती उघडतात, म्हणजे गिलावा तिच्यातच पडावा. धोक्याच्या घंटेत आग विझवण्याच्या नळकांड्यातला फेस भरून तिचा आवाज बंद करतात. संगीतकार जॉर्ज ऑरिकने या दृश्यासाठी संगीत रचले होते. दृश्य संगीतासह आणि संगीताविना असे दोन्ही प्रकारे पाहिल्यावर ते वगळावे, हे खुद्द त्यानेच मान्य केले. कान येथील महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार डॅसिनला विभागून मिळाला. काही देशांनी घरफोडीचे शिक्षण मिळेल या भीतीने चित्रपटावर बंदी घातली. ही भीती बाळबोध म्हणावी तर म्हणावी, पण त्या बंदी घालणाऱ्यांनी चित्रपट मराठी समीक्षकांपेक्षा अधिक नीट पाहिला होता: त्यांना त्यात कृती दिसली होती.

‘रिफिफी’च्या घडणीची ही कहाणी किश्शांच्या सदरात का जात नाही? कारण तिच्यातील प्रत्येक गोष्ट पडद्यावर रूप होऊन उतरली आहे. पैसा कमी, म्हणून अनोळखी चेहरे. अनोळखी चेहरे, म्हणून प्रेक्षकाचे लक्ष चेहऱ्यांवरून हातांवर. शिवाय सीझर नावाच्या तिजोरीफोड्याची भूमिका डॅसिनने टोपणनावाखाली स्वतः केली; हा सीझर साथीदारांची नावे फोडतो आणि त्याबद्दल मारला जातो. ज्याला नावे घेणाऱ्यांनी देशोधडीला लावले, त्याने नावे घेणाऱ्याचीच भूमिका अंगावर घ्यावी, हा चरित्रातील तपशील नव्हे. तो संहितेतील अर्थ आहे. निर्मितीची परिस्थिती आणि निर्मित वस्तू यांच्यामधली भिंत येथे त्या छतासारखीच फुटलेली आहे. त्र्युफोने या चित्रपटाचे जे कौतुक केले, त्याचा रोखही असाच होता: मूळ कादंबरी अगदी सुमार, चित्रपट मात्र त्या जातीतील सर्वोत्तम. मग अर्थ कथेत नव्हता, तो घडवण्यात होता, एवढे तरी त्यावरून मानावे लागेल.

आता नाशिककडे वळावे. फाळक्यांनी १९१३ च्या अखेरीस आपला कारखाना दादरहून नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’ येथेच तयार झाला, आणि त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या प्रथमच पडद्यावर आल्या. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ झाला, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ पुन्हा चित्रित झाला. आज ज्या रिळांना पहिला भारतीय कथाचित्रपट म्हणून वंदन केले जाते, ती रिळे या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. १९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ आला. फाळक्यांच्या चित्रपटांपैकी जे थोडे टिकले, त्यांत हा सर्वाधिक सलग. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांच्या खटपटीमुळे तो जतन झाला, आणि तो सुमारे पन्नास मिनिटे पाहता येतो.

हा चित्रपट चोरीचा आहे, ही साधी गोष्ट कोणी नमूद करीत नाही. नाव नागाचे असले आणि शेवटही नागाचाच असला, तरी मधला मोठा भाग चोरीने व्यापला आहे. गावातील एक स्त्री कृष्णाच्या सवंगड्याचा अपमान करते. कृष्ण आणि त्याची टोळी तिच्या घरचे लोणी लुटून त्याचा वचपा काढतात. पुढे एका रात्री कृष्ण एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या शेजघरात शिरतो, आणि झोपलेल्या नवऱ्याची दाढी व बायकोचे केस एकमेकांना बांधून ठेवतो. रात्र, बंद घर, निजलेली माणसे, आत शिरणारा सराईत पोर आणि त्याच्या बोटांचे काम: घरफोडीच्या दृश्याला लागणारी सारी सामग्री येथे ‘रिफिफी’पूर्वी ३६ वर्षे सिद्ध आहे. एक भेद मात्र नजरेआड करून चालणार नाही. डॅसिनची शांतता निवडलेली होती, फाळक्यांची त्यांच्या वाट्याला आलेली. मूकपटाच्या खेळात वाद्ये वाजत. तेव्हा दोन शांतता एक मानणे हा भाबडेपणा होईल. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: संवादाचा आधार नसल्यामुळे कृतीलाच क्रमाक्रमाने अर्थ सांगावा लागतो, आणि प्रेक्षक पुण्यपापाचा विचार सोडून ‘हे कसे जमणार’ याच्या विवंचनेत पडतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो तो असा, की कृष्णाची चोरी ही लीला आहे; लीलेला श्रम नसतात, कौशल्य लागत नाही; म्हणून तिची तुलना पॅरिसमधल्या तिजोरीफोड्यांशी करणे हा अधर्म नसला तरी अरसिकपणा आहे. हा आक्षेप परंपरेच्या नावाने घेतला जातो, पण परंपरा वाचल्याचे त्यावरून दिसत नाही. भागवताच्या दशमस्कंधात गोपी यशोदेकडे गाऱ्हाणे घेऊन येतात, तेव्हा त्या लीलेचे नव्हे तर तंत्राचे वर्णन करतात. हात पोचत नाही तेव्हा हा पाट आणि उखळ रचतो. शिंक्यावरच्या भांड्यात काय आहे हे ओळखून त्याला भोक पाडतो. अंधाऱ्या घरात स्वतःच्या अंगावरच्या दागिन्यांचा उजेड करतो. आणि घरच्या बायका कामात गुंतलेल्या असतात ती वेळ साधतो. साधने, उंचीची अडचण, उजेडाची सोय, वेळेची निवड! घरफोडीच्या चित्रपटाची इतकी नेमकी टाचणे क्वचितच कोणी केली असतील. आणि महाराष्ट्रात तर या तंत्राचा दरवर्षी जाहीर प्रयोग होतो. दहीहंडीचे थर हे लीलेचे नव्हे, खांद्यांचे शास्त्र आहे. खालच्या थरात कोण, वर कोण, हे वजन पाहून ठरते. ज्या समाजाने देवाच्या चोरीलाही सामुदायिक कसबाचे रूप दिले, त्या समाजाच्या समीक्षेने कसब हे कलेच्या खालच्या पायरीवरचे मानावे, याला काय म्हणावे?

चित्रपटाच्या आरंभाकडे पाहिले म्हणजे फाळक्यांना स्वतःला या प्रश्नाची किती जाण होती ते कळते. ‘कालियामर्दन’ कृष्णाने सुरू होत नाही. तो मंदाकिनी फाळके या सात वर्षांच्या मुलीच्या मुद्राभिनयाने सुरू होतो, आणि तशी सूचनाही पडद्यावर दिली जाते. एकामागून एक भाव तिच्या चेहऱ्यावर उमटतात. ही एक मुलगी आहे, तिने हे शिकून घेतले आहे, आता हीच कृष्ण होणार आहे, हे प्रेक्षकाला आधी सांगितले जाते आणि मगच देव दाखवला जातो. दर्शनाआधी सरावाचे दर्शन! दोन वर्षांपूर्वीच, १९१७ मध्ये, चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा लघुपट फाळक्यांनी काढला होता, आणि त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेतून त्यांनी आपल्या धंद्याची कहाणी मांडली. जो निर्माता आपल्या कृतीची घडण पुनःपुन्हा उघडी करून दाखवतो, त्याच्याविषयी लिहिताना घडण सोडून बाकी सारे पाहायचे, हा समीक्षेचा हट्ट समजण्यापलीकडचा आहे.

नव्या सिद्धान्तनाने ही उणीव भरून काढली, असा दावा केला जातो. आशीष राजाध्यक्ष यांनी १९८७ मध्ये ‘जर्नल ऑफ आर्ट्स अँड आयडियाज’मधील आपल्या निबंधात पारंपरिक रूप आणि आधुनिक तंत्र यांच्या संघर्षाच्या अंगाने फाळकेयुगाचा विचार केला, फाळके हे महर्षी नसून एका पेचप्रसंगाचे नाव आहे, हे प्रथम त्यामुळे दिसू लागले. त्या निबंधाचे ऋण मोठेच आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ जे अनुयायी लेखन आले, त्याने एका शब्दावर सगळा भार टाकला: ‘दर्शन’. चौकट समोरासमोरची आहे, देव प्रेक्षकाकडे पाहतो, प्रेक्षक देवाकडे पाहतो, म्हणून हा चित्रपट म्हणजे चालते दर्शन. रविवर्म्याची शिळाछापे, नाटकाचा दर्शनी पडदा आणि मंदिराचा गाभारा यांची नावे ओळीने घेतली की विवेचन पुरे होते. या वाचनाला शेजघरातल्या दृश्याचे काय करावे ते उमगत नाही. तेथे देव कोणाला दर्शन देत नाही. तेथे कोणी त्याच्याकडे पाहत नाही, कारण दोघेही झोपलेले आहेत, आणि ते झोपलेले आहेत म्हणूनच दृश्य आहे. प्रेक्षक येथे भक्त नसून साथीदार आहे. डोहातल्या झुंजीतही पाण्यातील कृष्ण आणि काठावर तगमगणारे गोकुळ आलटून पालटून दाखवले जाते. ही रचना दर्शनाची नव्हे, ताणाची आहे. ‘समोरासमोर’ हे वर्णन फाळक्यांच्या काही चौकटींना लागू पडते आणि काहींना पडत नाही; कोणत्या चौकटींना पडते हे एकेक चौकट पाहून ठरवायचे असते. तो कंटाळवाणा उद्योग टाळण्यासाठीच संकल्पनांचा उपयोग होत असेल, तर जुना प्रतिभावाद काय वाईट होता?

आणि प्रश्न केवळ वाचनाच्या नेमकेपणाचा नाही. निर्मिती मनात होते असे एकदा मानले की तिचे श्रेय एकाच मनाला द्यावे लागते. सरस्वतीबाईंचे श्रम मग ‘साथ’ ठरतात. फितीला भोके पाडणे, ती धुणे, चित्रणाच्या काळात साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणे, या कामांना ‘सहधर्मचारिणी’ या शब्दात कोंडले जाते. कारखान्यातील एक कुशल कामगार म्हणून त्यांचे नाव समीक्षेत येत नाही, चरित्रात येते. मंदाकिनी ‘कन्या’ राहते. पन्नास मिनिटांचा चित्रपट आपल्या लहानग्या शरीरावर पेलणारी नटी होत नाही. दुर्गाबाई आणि कमलाबाई ‘पहिल्या’ ठरून एका ओळीत आटोपतात. १९१९ च्या सुमारास भागीदारांशी बिनसले, फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि १९२२ मध्ये परतले. हे प्रकरण कलावंत विरुद्ध बनिये अशा ठसठशीत रंगात रंगवले जाते. वस्तुतः तो निर्मितीच्याच मालकीचा वाद होता: खर्चावर आणि कामाच्या पद्धतीवर हुकूम कोणाचा, आणि ज्यांच्या हातांना हे काम येते त्यांचा त्यात काही वाटा आहे की नाही. ‘कालियामर्दन’ हा त्याच ताणाच्या काळात झालेला चित्रपट आहे. धन्याच्या घरात शिरून त्याची दाढी बांधणारा पोर त्या काळात नाशिकच्या कारखान्यातील माणसांनी हसत हसत उभा केला असेल, तर त्या हसण्यात काय काय होते, हा प्रश्न समीक्षेचा आहे. चरित्रकार तो विचारणार नाही. ते त्याचे कामही नव्हे.

ज्यांना हे सारे अतिवाचन वाटेल, त्यांनी निदान एक अगदी साधा, हिशेबी प्रश्न हाती घ्यावा. ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते आणि ते सांगताना वर्गात खसखस पिकते. पण एकच नट राम आणि सीता असेल, तर ती दोघे जेथे एकत्र हवीत तेथे चौकट कशी रचायची, कोणाला पाठमोरे उभे करायचे, कोठे कापायचे, कोठे एकाच फितीवर दोनदा चित्रण करायचे, असे पेच निर्मात्यापुढे अटळपणे आले असणार. विरहाच्या कथेत हा पेच सुसह्य होतो, कारण राम आणि सीता यांना कथेनेच दूर ठेवलेले असते. मग रामायणातून हाच भाग निवडण्यामागे हनुमानाची शेपटी किती आणि साळुंके यांची दुहेरी नेमणूक किती? चित्रपटाचा थोडासा भाग शिल्लक आहे. तो लावून पाहता येतो.